भाजीचा भाव आणि भाजीची किंमत

दुर्ग आणि भिलाई या जोडशहरांत बोरसी नावाची वस्ती आहे. तेथील एखाद्या मध्यम ऐपतीच्या कुटुंबाची सकाळ आपण डोळ्यांपुढे आणू. आठच्या सुमारास दाराशी हातगाडीवाला येतो. त्याच्या गाडीवर भेंडी, दुधी, टोमॅटो आणि वर झाकण म्हणून ओल्या गोणपाटाखाली कोथिंबीर असते. कोपऱ्यावरच्या दुकानात कांदे-बटाट्यांची पोती उघडी ठेवलेली असतात. रस्त्याच्या कडेला जवळच्या गावातून आलेली एखादी बाई जमिनीवर कापड पसरून पालेभाजीच्या जुड्या मांडून बसते. थोडे दूर गेले तर दुर्गचा इंदिरा मार्केट आहे, आणखी दूर सुपेल्याची आकाशगंगा भाजीमंडी आणि रविवारचा मोठा बाजार. शिवाय वातानुकूलित दुकाने आहेत आणि अलीकडे मोबाइलवरून भाजी घरपोच मागविण्याचीही सोय झाली आहे. या सर्व ठिकाणी एकाच दिवशी एकाच भेंडीचा भाव विचारला, तर तो क्वचितच सारखा निघतो.

मग भाजी घ्यावी कोठे? जेथे भाव सर्वांत कमी तेथे, असे उत्तर सहज सुचते. परंतु हे उत्तर अपुरे आहे आणि कित्येकदा चुकीचेही आहे. विक्रेता सांगतो तो भाव किलोचा असतो. आपण मात्र पोटात घालतो ती भाजी किलोच्या काही अंशाएवढीच असते. उरलेला भाग साल, देठ, शेंगेचे टरफल, पिवळी पाने आणि सडका तुकडा यांच्या रूपाने केराच्या टोपलीत जातो. म्हणून भाव आणि किंमत हे दोन शब्द या लेखात आपण वेगळ्या अर्थांनी वापरू. बाजारात सांगितला जातो तो भाव. आणि खाण्याजोग्या, पोषक अशा प्रत्येक किलोसाठी आपल्या खिशातून जे प्रत्यक्ष जाते ती किंमत.

हा प्रश्न किरकोळ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ माणसाने दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत असे सुचविले आहे. चार माणसांच्या कुटुंबाला या हिशेबाने दिवसाला २ किलो आणि महिन्याला ६० किलो भाजी व फळे लागतात. किलोमागे ५ रुपयांचा फरक पडला, तरी महिन्याला ३०० रुपयांचा फरक होतो. घरखर्चाची ओढाताण सुरू झाली की तांदूळ, डाळ आणि तेल यांना सहसा कोणी हात लावत नाही. काट मारली जाते ती फळांवर, आणि त्यानंतर भाजीवर. पोट भरते, म्हणून ही उणीव चटकन दिसतही नाही.

तोडलेली भाजी जिवंत असते

भाजीच्या किमतीचे रहस्य तिच्या शरीरात आहे. रोपापासून तोडल्यावर भेंडी किंवा पालक मरत नाही. त्याच्या पेशी पुढेही श्वसन करीत राहतात. म्हणजे हवेतील प्राणवायू घेतात, साठविलेली शर्करा त्याच्या साहाय्याने जाळतात आणि कार्बन डाय-ऑक्साइड, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर टाकतात. झाडावर असताना जळालेल्या शर्करेची भरपाई पाने सूर्यप्रकाशात करीत असत. तोडल्यानंतर जमेची बाजू बंद होते, खर्च मात्र चालूच राहतो. मटाराच्या ताज्या शेंगेतला गोडवा दोन दिवसांत नाहीसा होतो, याचे कारण हेच. त्यातील काही शर्करा जळून जाते आणि काहीचे पिष्टात रूपांतर होते.

या खर्चाचा वेग सर्व भाज्यांत सारखा नसतो. कोवळे, वाढते भाग जोराने श्वसन करतात. पालेभाज्या, मटार, भेंडी, फुलकोबी ही त्यांची उदाहरणे होत. बटाटा, कांदा, सुरण, लाल भोपळा हे मुळात वनस्पतीने पुढच्या हंगामासाठी किंवा बियांच्या रक्षणासाठी केलेले साठे असल्याने ते फार संथ श्वसन करतात. निसर्गानेच ज्याला कोठार म्हणून घडविले, ते घरातही टिकते.

तापमानाचा परिणाम याहूनही मोठा आहे. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. काही मर्यादेपर्यंत हा नियम चालतो आणि त्यापुढे पेशींनाच इजा पोहोचते. दुर्ग-भिलाईचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो हे सांगावयास नको. अशा दुपारी उघड्या गाडीवर घालविलेला एक तास हा हिवाळ्यातील सकाळच्या अनेक तासांइतका भारी पडतो. भाजी तोडून किती तास झाले हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते तास तिने कोठे काढले हेही महत्त्वाचे आहे.

दुसरे नुकसान पाण्याचे. पालेभाजीत शेकडा ९० च्या आसपास पाणी असते. पानांच्या पृष्ठभागावरून आणि पर्णरंध्रांतून ते सतत उडून जाते. पेशींतील पाण्याचा दाब कमी झाला की पान लुळे पडते. वजनाच्या अवघ्या शेकडा ३ ते ५ भागांइतके पाणी गेले, तरी पालकाची जुडी कोमेजलेली दिसते. म्हणजे २५० ग्रॅमची जुडी १० ग्रॅम पाणी गमावते आणि तेवढ्यात तिचा भाव घसरतो. विक्रेती बाई जुडीवर वरचेवर पाणी शिंपडते, ते यासाठी. हे शिंपडणे ही लबाडी आहे असे काही ग्राहक मानतात. पूर्णपणे तसे नाही. त्या पाण्याचे बाष्पीभवन होताना पान थंड राहते व कोमेजण्यास वेळ लागतो. मात्र वजनावर विकली जाणारी मेथी किंवा कोथिंबीर निथळत असेल, तर आपण पाण्याचेही पैसे देतो. ती झटकून तोलावयास सांगण्यात काहीच गैर नाही. शिंपडलेले पाणी गढूळ असेल, तर जुडीच्या आतल्या बाजूला कुजण्यास प्रारंभ होतो. म्हणून जुडी वरून न पाहता मधून उघडून पाहावी.

पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. क जीवनसत्त्व हे यांतले सर्वांत नाजूक. कोमेजलेल्या पालेभाजीत उष्ण हवेत एक-दोन दिवसांत त्याचा मोठा भाग नष्ट होतो. ती खाण्याजोगी असते, पोटही भरते. परंतु ज्या गुणासाठी आपण ती घेतली, तो गुण पुष्कळसा निघून गेलेला असतो.

रुपयाचा प्रवास

भावातील फरक विक्रेत्याच्या लोभाने पडतो ही समजूत सर्वत्र आढळते. लोभ जगात आहेच. पण फरकाचे मुख्य कारण दुसरे आहे. दुर्ग जिल्ह्याच्या धमधा भागात टोमॅटोची मोठी लागवड होते. तेथील शेतातून निघालेला टोमॅटो बोरसीच्या दाराशी येईपर्यंत त्याला किती हातांतून जावे लागते ते पाहा. शेतकरी तो कॅरेटमध्ये भरतो. कधी तो स्वतः मंडीत नेतो, कधी गावोगाव फिरून माल गोळा करणारा व्यापारी तो उचलतो. अशा व्यापाऱ्यास छत्तीसगडीत कोचिया म्हणतात. मंडीत पहाटे अडत्याच्या समोर माल विकला जातो. वाहतूक, हमाली, तोलाई, अडत हे सर्व त्यात मिळते. तेथून किरकोळ विक्रेता माल नेतो आणि दिवसभर उन्हात उभा राहून पाव किलो, अर्धा किलो असा विकतो. संध्याकाळी जो उरतो, पिचतो आणि सडतो, त्याची भरपाई त्याला विकलेल्या मालातूनच काढावी लागते. फळे व भाज्यांच्या काढणीनंतरच्या नुकसानीची जी पाहणी २०२२ मध्ये पूर्ण झाली, तिच्यानुसार देशात भाज्यांचे नुकसान पिकानुसार शेकडा ५ ते १२ च्या सुमारास आणि फळांचे शेकडा ६ ते १५ च्या सुमारास होते. आपण घेतलेल्या चांगल्या टोमॅटोच्या भावात कोणा अज्ञात सडक्या टोमॅटोचा वाटाही असतो.

रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासपत्रांत ग्राहकाच्या एका रुपयापैकी शेतकऱ्याच्या हाती किती पडते याचा अंदाज दिला आहे. टोमॅटोच्या बाबतीत तो सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या ३६ आणि बटाट्याच्या ३७ पैसे आहे. उरलेले दोन तृतीयांश मधल्या प्रवासाचे. हा प्रवास जेथे आखूड, तेथे भाव कमी होण्यास जागा असते. एरवी केवळ घासाघीस करून फारसे साधत नाही.

हंगामाचा परिणाम मात्र या सर्वांवर मात करतो. हिवाळ्याच्या अखेरीस सर्व शेतांतील टोमॅटो एकदम बाजारात येतो. तो साठविता येत नाही, म्हणून भाव कोसळतो. धमधा भागातील उत्पादकांनी काही हंगामांत तोडणीचा खर्चही निघत नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. याउलट २०२३ च्या जुलैत देशभर टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या वर गेला आणि केंद्र सरकारला सहकारी संस्थांमार्फत दिल्लीसारख्या शहरांत तो प्रथम ९० रुपयांनी विकण्याची व्यवस्था करावी लागली. त्या पावसाळ्यात कोणत्या दुकानात टोमॅटो स्वस्त आहे याचा शोध घेणाऱ्यापेक्षा, आमटीत चिंच किंवा आमसूल घालणारा अधिक व्यवहारी ठरला. कोठे घ्यावे याच्या आधी आज काय घ्यावे हा प्रश्न येतो.

थोडेसे गणित

आता किंमत काढावयाची कशी ते पाहू. पुढील भाव केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या बाजारातील भाव घालावेत.

समजा, मटाराच्या शेंगा ४० रुपये किलो आहेत आणि दुधी ३० रुपये. फरक १० रुपयांचा दिसतो. परंतु १ किलो शेंगांतून दाणे निघतात सुमारे अर्धा किलो. म्हणजे दाण्यांची किंमत ८० रुपये किलो झाली. दुधीची साल व देठ काढल्यावर शेकडा ८५ भाग उरतो, म्हणून त्याची किंमत सुमारे ३५ रुपये. प्रत्यक्ष फरक १० रुपयांचा नसून ४५ रुपयांचा आहे. (मटार घेऊच नयेत असा याचा अर्थ नव्हे. मटारात प्रथिने दुधीपेक्षा कितीतरी अधिक असतात. आणि थंडीच्या दिवसांत मटार-भात न करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानणारा मराठी माणूस विरळाच.)

दुसरे उदाहरण जागेचे. हातगाडीवर टोमॅटो ३० रुपये किलो आहे. तेथे आपण एकेक टोमॅटो हाताने निवडून १ किलो घेतला आणि सगळा वापरला. किंमत ३० रुपये. मंडीत तो २० रुपये किलो मिळाला, पण निवडू दिला नाही आणि ५ किलो घ्यावा लागला. जाण्या-येण्यास २० रुपये खर्च झाले. घरी आणल्यावर चार दिवसांत दीड किलो टोमॅटो फुटला, सडला. आता १२० रुपयांत साडेतीन किलो टोमॅटो पडला, म्हणजे किलोला ३४ रुपयांहून अधिक. भाव १० रुपयांनी कमी होता आणि किंमत ४ रुपयांनी जास्त! तोच ५ किलो माल तीन शेजाऱ्यांनी वाटून घेतला असता आणि सडू दिला नसता, तर किंमत २४ रुपये पडली असती. घाऊक बाजार एकट्या छोट्या कुटुंबाला क्वचितच मानवतो. चार घरांनी मिळून एकाला सायकलवर पाठविले, तर मात्र तो उत्तम.

प्रवासखर्चाचा एक सोपा नियम यातून मिळतो. जाण्या-येण्याच्या खर्चाला किलोमागील बचतीने भागावे. खर्च ४० रुपये आणि बचत किलोला ८ रुपये असेल, तर ५ किलोपर्यंतची खरेदी केवळ भाड्याची भरपाई करते. खरी बचत सहाव्या किलोपासून सुरू होते.

तिसरी बाब वजनाची. आपल्याकडे मेट्रिक वजने १९५८ च्या ऑक्टोबरापासून टप्प्याटप्प्याने आली आणि शेर मागे पडला. पण पाव काही गेला नाही. पाव किलोचा भाव सांगताना विक्रेता तो बहुधा किलोच्या भावाच्या चौथाईपेक्षा काही रुपयांनी चढा सांगतो. किलोला ६० असेल तर पावाला १५ च्या ऐवजी २०. पुन्हा पुन्हा पाव घेणारे कुटुंब अशा रीतीने किलोला ८० रुपये देत असते. ज्याच्या हाती एका वेळी थोडेच पैसे असतात, त्यालाच भाजी महाग पडते, ही या व्यवहारातली खेदाची गोष्ट आहे.

कोणती भाजी कोठे

येथवरच्या विवेचनावरून एक गोष्ट उघड होते की सर्व भाजी एकाच ठिकाणी घेणे सोयीचे असले तरी शहाणपणाचे नाही. जी लवकर श्वसन करते व लवकर सुकते, ती जवळून आणि सकाळी घ्यावी. जी संथ आहे, ती लांबून आणली तरी चालते.

पालेभाजी म्हणूनच रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बाईकडून घ्यावी. अशा जमिनीवरच्या मांडणीला छत्तीसगडीत पसरा म्हणतात आणि आपल्या जुडीला तेथे जूरी. या पसऱ्यावरील भाजी पुष्कळदा तिच्या स्वतःच्या किंवा शेजारच्या बारीतली, म्हणजे परसबागेतली असते. आदल्या संध्याकाळी किंवा त्याच पहाटे तोडलेली. तिच्या आणि आपल्यामध्ये अडत नाही, कोचिया नाही, शीतगृहही नाही. अर्थात प्रत्येक पसरा असा नसतो. ज्या पसऱ्यावर शिमला मिरची, गाजर आणि फुलकोबी यांच्या शेजारी पालक मांडलेला असतो, तो माल बहुधा मंडीतूनच आलेला असतो. जिच्याजवळ तीन-चारच प्रकार आहेत आणि जुडीच्या मुळांना ओली माती चिकटलेली आहे, तिच्याकडे आधी जावे.

येथे मराठी कुटुंबांची एक अडचण होते, ती नावांची. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्याआधी नागपूरकर भोसल्यांचा अंमलही या भागाने पाहिला आहे; १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली, त्यानंतर देशाच्या अनेक भागांतून माणसे येथे आली. मराठी घरे येथे नवी नाहीत. तरी नव्याने आलेली गृहिणी पसऱ्यावरची अमारी पाहून पुढे जाते, कारण ती आपली अंबाडीच आहे हे तिला ठाऊक नसते. चरोटा म्हणजे कोकणात पहिल्या पावसात खुडतात तो टाकळा. लाल भाजी म्हणजे लाल माठ. मुनगा म्हणजे शेवगा; विदर्भातल्या माणसाला हे नाव परके वाटणार नाही. कोचई म्हणजे अळकुड्या, जिमीकांदा म्हणजे सुरण, रखिया म्हणजे कोहळा, बरबट्टी म्हणजे चवळीच्या शेंगा, आणि पताल म्हणजे चक्क टोमॅटो. छत्तीसगडात छत्तीस भाज्या आहेत असे तेथील लोक कौतुकाने म्हणतात आणि त्यांत भाजी या शब्दाचा अर्थ पालेभाजी असा आहे. यांपैकी बहुतेक पालेभाज्या लांबचा प्रवास सोसत नाहीत, म्हणून त्या मोठ्या दुकानांत पोहोचत नाहीत. आणि पोहोचत नाहीत म्हणूनच स्वस्त राहतात. शेवग्याचा पाला तर कित्येक अंगणांत फुकट मिळतो. लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य यांच्या बाबतीत तो बाजारातल्या महाग भाज्यांना मागे टाकतो.

संध्याकाळी या बायकांकडे जुडी अर्ध्या भावात मिळते. त्या रात्रीच शिजवावयाची असेल, तर ती जरूर घ्यावी. दुसऱ्या दिवसासाठी घेऊ नये. परंतु सकाळी ताज्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करण्यापूर्वी हेही आठवावे की दिवसभरात कोमेजणाऱ्या प्रत्येक जुडीचा तोटा तिच्या एकटीच्या पदरी पडतो. बड्या दुकानाला तो हजार वस्तूंवर वाटून टाकता येतो. तिला येत नाही.

भेंडी, वांगी, दोडकी, गवार, काकडी या मधल्या वर्गातल्या भाज्या. त्या दोन-तीन दिवस टिकतात. त्यांच्यासाठी हातगाडी किंवा रोजचा बाजार ठीक. मात्र निवडण्याची मुभा असलेल्या ठिकाणी दोन रुपये अधिक गेले तरी चालतील. भेंडीचे टोक वाकविल्यावर मोडले पाहिजे. नुसते वाकले तर ती जून झाली. वांग्याची टोपी हिरवी आणि देहाला घट्ट धरून असावी. दोडक्याचा, कोबीचा, दुधीचा कापलेला देठ पाहावा, कारण कापल्यापासून किती काळ गेला याची नोंद तेथे लिहिलेली असते. पांढुरका ओला देठ कालचा किंवा आजचा, तपकिरी सुकलेला देठ तीन-चार दिवसांपूर्वीचा. काही विक्रेते देठाचा पातळ काप काढून तो पुन्हा ताजा करतात, तेव्हा देठ आणि सालीचा तजेला यांची साक्ष एकत्र घ्यावी.

कांदे, बटाटे, लसूण, आले, सुरण आणि लाल भोपळा यांच्यासाठी मंडीची वाट धरण्यास हरकत नाही. वातानुकूलित दुकानांतही कांदे-बटाटे कधी कधी बाजारापेक्षा स्वस्त मिळतात. ग्राहकाला दारात आणण्यासाठी दुकानदार तेवढ्यावर नफा सोडतो आणि बाकीच्या वस्तूंवर तो भरून काढतो. तेवढेच घेऊन बाहेर पडण्याचा निग्रह असेल, तर तेथे जावे. तेथील पालेभाजी थंड हवेतून एकदम उन्हात आली की तिच्यावर पाण्याचे थेंब धरतात आणि बंद पिशवीत ती झपाट्याने कुजते. कांद्यात दोन जाती ओळखाव्यात. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदा जाड सालीचा व टिकाऊ असतो. पावसाळी लागवडीचा, हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा लाल कांदा काही आठवड्यांतच कोंब धरतो. महिना-दोन महिन्यांचा साठा करावयाचा तो उन्हाळी कांद्याचाच. बटाटे अंधारात ठेवावेत, नाहीतर ते हिरवे पडतात व त्यात सोलॅनीन हे विषारी द्रव्य तयार होते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत. बटाट्यांतून निघणारा ओलावा कांद्याला मानवत नाही.

फळांचा हिशेब

फळांच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. केळे, आंबा, पपई, पेरू, सीताफळ आणि टोमॅटो ही फळे तोडल्यावरही पिकतात. एथिलीन नावाचा वायू ती स्वतःच निर्माण करतात व त्याच्या प्रभावाने मऊ, गोड आणि रंगीत होतात. संत्रे, द्राक्ष, डाळिंब, लिची ही तोडल्यावर गोड होत नाहीत. आंबट तोडली तर आंबटच राहतात. पहिल्या वर्गातील फळे थोडी कच्ची, म्हणून थोडी स्वस्त घेऊन घरी तांदळाच्या डब्यात किंवा कागदात गुंडाळून पिकविता येतात. दुसऱ्या वर्गातील फळे चाखूनच घ्यावीत. फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडचा वापर आपल्या देशात कायद्याने वर्ज्य आहे, कारण त्यातून ॲसिटिलिनबरोबर आर्सेनिक व फॉस्फरस यांची घातक संयुगेही निघू शकतात. ठराविक प्रमाणात एथिलीन वायू वापरण्यास मात्र परवानगी आहे. हंगामाच्या फार आधी आलेला, सगळीकडून सारख्या पिवळ्या रंगाचा पण आतून कडक आणि वासहीन असा आंबा दिसला, तर थांबावे हे बरे.

फळ म्हटले की आजारी माणसाला सफरचंद, अशी रूढी आपल्याकडे पडलेली आहे. पोषणाच्या तराजूत ती टिकत नाही. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते; सफरचंदात ते अगदीच थोडे, काही मिलिग्रॅम. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज ८० आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम मानलेली आहे. म्हणजे अर्ध्या पेरूत जे भागते, ते सफरचंदांच्या टोपलीतही भागणे कठीण. तरी पेरू स्वस्त, आणि म्हणून हलका समजला जातो! हिमालयातून आलेल्या सफरचंदाच्या भावात दीड हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आणि शीतगृहाचे भाडे असते. पेरू जवळच्या वाडीतला असतो.

संत्र्याचे स्थान या दोहोंच्या मध्ये. नागपूर येथून लोहमार्गाने अडीचशे किलोमीटरांहून थोडेच दूर आहे. तेथील आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाजारात येतात. या महिन्यांत ट्रकभर संत्री येऊ लागली की रविवारच्या बाजारात ती डझनावर न घेता वजनावर घ्यावीत. मोठ्या, फुगीर सालीच्या संत्र्यापेक्षा हाताला जड लागणारे मध्यम संत्रे रसाने अधिक भरलेले असते.

घरातील तोटा

इतकी निवड करून आणलेली भाजी घरात नासली, तर सारा हिशेब फसतो. शीतकपाट नसलेल्या घरासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात एक साधी युक्ती विकसित केली. विटांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये वाळू, आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. वाळूतील पाण्याचे बाष्पीभवन होताना आतील कप्पा बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळच थंड व दमट राहतो. एका मोठ्या कुंडीत लहान मडके ठेवून मधल्या जागेत वाळू भरली, तर हाच प्रयोग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतो. कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने चालत नाही. त्यात कांदे मात्र ठेवू नयेत. शीतकपाट असेल, तर केळी, आंबे आणि टोमॅटो त्याच्याबाहेर ठेवावेत. उष्ण प्रदेशातली ही फळे थंडीने काळवंडतात किंवा त्यांची चव जाते. भाजी आधी धुवून मग चिरावी; चिरून पाण्यात ठेवली, तर क जीवनसत्त्व पाण्यात उतरते आणि पाण्याबरोबर मोरीत जाते.

शाळेतील मुलांना यावर एक प्रयोग करता येईल. सकाळी एकाच विक्रेत्याकडून पालकाच्या सारख्या वजनाच्या तीन जुड्या घ्याव्यात. एक उन्हात, दुसरी वर्गातील सावलीत आणि तिसरी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी. दर तासाला तिन्ही जुड्या तोलाव्यात; तिसरी तोलताना फडके काढून पाने टिपून घ्यावीत. मिळालेले आकडे आलेखाच्या कागदावर मांडावेत आणि प्रत्येक जुडी कोणत्या तासाला लुळी पडली, तेथे खूण करावी. त्या वेळी गेलेले वजन मूळ वजनाच्या शेकडा किती होते, ते काढावे. मे महिन्यात शाळा बंद असते, म्हणून हा प्रयोग मार्चच्या अखेरीस करावा आणि दुसऱ्यांदा डिसेंबरात; दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लावले की रस्त्यावर बसलेली बाई दहा वाजता जुडीचा एक भाव आणि चार वाजता दुसरा का सांगते, हे मुलांना तिला न विचारताही कळेल.